तीन दिवसांचं सोलापूर आणि एक उत्तरपत्रिका

पार्श्वभूमी

मी सोलापुरात सीनियर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवतो. हे प्रकरण आमच्या वर्गातल्या एका अंतर्गत चाचणीचं आहे. मुलगी कोण ते ओळखू येऊ नये म्हणून नाव दिलेलं नाही, एकदोन बारीक तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय.

आमचा वर्ग कसा असतो ते आधी सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. अर्धी मुलं शहरातली, त्यात पूर्व भागातली बरीच, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी. काही अक्कलकोटकडची, ती आपसात कन्नडमधे बोलतात. आणि रोज सकाळी तुळजापूर नळदुर्गाकडून एसटीनं येणारी पाचसहा. म्हणजे एकाच वर्गात ब्रिटिश मुलखातलं सोलापूर, अक्कलकोट संस्थान आणि निजामाचा मुलूख अशा तिन्हीकडच्या घरातली मुलं शेजारी शेजारी बसतात, आणि हे आम्हाला कुणालाच कधी जाणवलेलं नसतं.

सार्वभौमत्व, म्हणजे राज्यात शेवटचा शब्द कुणाचा, हा टॉपिक दरवर्षी शिकवायचा असतो आणि दरवर्षी तो पाठच केला जातो. 1576 ला फ्रेंच विचारवंत बोदाँ, मग इंग्रज विचारवंत हॉब्ज, मग 1832 चा इंग्रज कायदेपंडित ऑस्टिन, मग वैशिष्ट्यं: निरंकुशता, सर्वव्यापकता, अविभाज्यता, अदेयता, स्थायित्व. मुलं ही पाच नावं एका दमात म्हणून दाखवतात. अदेयता म्हणजे काय विचारलं की गप्प (म्हणजे ही सत्ता दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही). मीही त्याला सरावलो होतो हे खरं.

अडचण कुठं आली

चाचणीत दहा मार्कांचा प्रश्न होता, 'ऑस्टिनचा सार्वभौमत्वाचा सिद्धांत उदाहरणासह स्पष्ट करा.' बहुतेकांनी उदाहरण म्हणून भारत लिहिलं, कुणी इंग्लंड, झालं. एका मुलीनं मात्र अडीच पानं सोलापूरवर लिहिली. तिचं म्हणणं असं की 1930 च्या मे महिन्यात 9, 10, 11 तारखेला सोलापूर हे सार्वभौम राज्य होतं.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो, सोलापूरकरांना माहीतच आहे. मे 1930 च्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली, गावात संताप उसळला, 8 मेला शिंदीची झाडं तोडण्यावरनं पोलिस आणि लोकांत जुंपली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे नावाचा तरुण त्यात गेला, लोकांनी चौक्या आणि कोर्ट पेटवलं, पोलिसही मारले गेले. त्यानंतर ब्रिटिशांची माणसं शहरातनं मागं सरली, आणि पुढचे तीन दिवस काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी गाव सांभाळलं. 12 मेला मार्शल लॉ लागला, तो जूनअखेरपर्यंत. गांधी टोपी घालणं हासुद्धा त्या दिवसांत गुन्हा ठरला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. आपण रोज ज्याला नुसतं 'चार पुतळा' म्हणतो आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगायला वापरतो, ते हे चौघं.

मी त्या उत्तराला दहापैकी तीन दिले. समासात लाल पेननं लिहिलं, 'उदाहरण चुकीचे. सोलापूर राज्य नव्हते.' गठ्ठा मोठा होता, रात्र झाली होती, पुढचा पेपर घेतला.

दोन दिवसांनी ती स्टाफरूमच्या दारात उभी. पेपर हातात, चार घड्या केलेला, म्हणजे आणून दाखवायचा की नाही यावर तिचा बराच विचार झालेला दिसत होता. म्हणाली, "सर, चुकलं असेल, पण कुठं चुकलं ते लिहिलं नाही तुम्ही. सोलापूर राज्य नव्हतं हे तर मला पण माहितंय, महाराष्ट्रसारखं राज्य म्हणाले नव्हते मी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमच्या दोघांचं भांडण आधी एका शब्दावर अडलंय. मराठीत राज्य म्हणजे महाराष्ट्र राज्य, राज्य म्हणजे शिवाजी महाराजांचं राज्य, आणि राज्यशास्त्रातलं राज्यही तेच. पुस्तकात म्हणून राज्यसंस्था असा शब्द घालतात, पण आम्ही शिकवताना सरसकट राज्यच म्हणतो. माझा शेरा तिनं एका अर्थानं वाचला, मी दुसऱ्या अर्थानं लिहिला होता. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या अर्थानंही तो शेरा मी विचार करून लिहिलेला नव्हता, सोलापूरसारखं गाव सार्वभौम कसं असेल या सवयीनं लिहिलेला होता.

कोणते पर्याय होते

पहिला, मार्क तसेच ठेवायचे. त्याला आधार होता, कारण निष्कर्ष टिकणारा नाही असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. पण ऑस्टिनची व्याख्या तिनं बरोबर लिहिली होती, ती लावून बघायचा प्रयत्न वर्गात तिनं एकटीनं केला होता, आणि ज्यांनी नुसतं 'उदा. भारत' लिहिलं त्यांना मी सहासहा दिले होते. हे गणित मलाच पटेना.

दुसरा, गुपचूप दोनतीन मार्क वाढवून विषय मिटवायचा. हे सगळ्यात सोपं आणि आम्ही मास्तर लोक बऱ्याचदा हेच करतो. पण मार्क मिळाले असते आणि कुठं चुकलं हे तिला कळलंच नसतं, आणि तिनं तर तेच विचारलं होतं.

तिसरा, दुसऱ्या सरांकडनं पेपर तपासून घ्यायचा. तो विचार मी पाचेक मिनिटं केला.

चौथा, उत्तर वर्गात आणायचं आणि ऑस्टिनची व्याख्या शब्दाशब्दानं लावून सगळ्यांनी मिळून तपासायचं. यात धोका होता. पोर्शन मागं होता, दोन तास जाणार होते. चार हुतात्म्यांचा विषय सोलापुरात साधा नाही, 'सोलापूर सार्वभौम नव्हतं' असं मास्तर म्हणाला म्हणजे हुतात्म्यांना कमी लेखलं असा अर्थ कुणी काढला असता तर काय, ही भीती होती. तरी हाच घेतला. तिला विचारलं, तुझं उत्तर वर्गात वाचू का, नाव न सांगता. ती हो म्हणाली. पण स्टाफरूममधे, चार सर बसलेले असताना, एखादी मुलगी दुसरं काय म्हणणार, हे मला नंतर सुचलं.

पहिला तास

फळ्यावर ऑस्टिनची व्याख्या तोडून लिहिली. एक, कोणीतरी निश्चित मानवी श्रेष्ठ पाहिजे, म्हणजे बोट दाखवता येईल असा, देव नाही की 'लोकभावना' नाही. दोन, समाजातल्या बहुसंख्य लोकांनी त्याची आज्ञा पाळली पाहिजे. तीन, ती सवयीनं पाळली पाहिजे. चार, त्यानं स्वतः तशा दुसऱ्या कुणाची आज्ञा सवयीनं पाळता कामा नये. मग तिचं उत्तर वाचायला घेतलं.

दुसऱ्याच ओळीला मागून कुणीतरी तिचं नाव घेतलं आणि हसू फुटलं, अक्षर बघायचीसुद्धा गरज नव्हती, सोलापूरवर एवढं लिहिणारी तीच हे सगळ्यांना माहीत. ती खाली बघत बसली. मी दामटून गप्प केलं, पण ते व्हायचं ते होऊन गेलं.

तिचा युक्तिवाद खरंतर चांगला होता. तीन दिवस बहुसंख्य लोक कुणाचं ऐकत होते? कलेक्टरचं नाही, काँग्रेसचं. निश्चित श्रेष्ठ? गावातली काँग्रेसची मंडळी, नावानिशी माहीत असलेली. दुसऱ्या कुणाची आज्ञा? ब्रिटिशांची तर मोडलीच होती. शिवाय 26 जानेवारी 1930 ला देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली होती, एप्रिलमधे सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला होता, म्हणजे दावाही होता, नुसता दंगा नव्हता. हा शेवटचा मुद्दा मला तपासताना दिसलाच नव्हता.

पहिला आक्षेप अक्कलकोटकडच्या मुलानं घेतला. "सर, पण ते लोक गांधीजींचं ऐकत होते ना? मग चार नंबरात बसतंय का?" बरोबर होतं. सोलापूरची काँग्रेस स्वतःला सर्वोच्च समजत नव्हती, ती राष्ट्रीय काँग्रेसच्या आदेशाखाली होती. त्यावर लगेच तिनंच मान वर करून विचारलं, मग सोलापूरचा कलेक्टर तरी कुठं सर्वोच्च होता, तो मुंबईचं ऐकायचा, मुंबई दिल्लीचं, दिल्ली लंडनचं. हेही बरोबर, आणि म्हणूनच ऑस्टिनच्या हिशोबानं सार्वभौम कलेक्टर नाहीच, तो लंडनमधला, राजा आणि पार्लमेंट मिळून. कलेक्टर पळाला म्हणून सार्वभौम पळाला असं होत नाही. इथं वर्ग पहिल्यांदा जागा झाला.

मग सगळा तास 'सवय' या एका शब्दावर गेला. पुढच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "तीन दिवसात सवय लागतंय का सर?" मी बारा वर्षं ही व्याख्या शिकवतोय, 'सवयीने आज्ञापालन' हे शब्द फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, पण त्यातल्या सवय या शब्दाला वजन आहे हे मी कधी कुणाला दाखवलं नव्हतं. ऑस्टिननं तो शब्द उगाच घातलेला नाही. संकटात, भीतीनं किंवा उत्साहात लोक कुणाचंही ऐकतात, दरोडेखोराचंही ऐकतात. रोज सकाळी उठून काही विचार न करता ज्याचा कायदा पाळला जातो, तो खरा. आणि बोदाँनं तर त्याच्या अडीचशे वर्षं आधी स्पष्ट म्हटलंय की सार्वभौम सत्ता कायमची असते, ठराविक मुदतीसाठी सत्ता वापरणारा हा राखणदार असतो, मालक नसतो. पाच वैशिष्ट्यांतलं 'स्थायित्व' ते हेच, जे सगळ्यांना पाठ होतं.

तास संपला तेव्हा उत्तर लिहिणारी मुलगी हरली होती असं वर्गाला वाटत होतं. मला तसं वाटत नव्हतं.

दुसरा तास, आणि जिथं मी थांबवलं

दुसऱ्या दिवशी मी दुसरं उदाहरण शेजारी ठेवलं, हैदराबाद. कारण सोलापूरकडं तीन दिवस ताबा होता आणि बाकी काहीच नव्हतं, निजामाकडं उलट सगळं होतं. स्वतःचं नाणं, टपाल, रेल्वे, फौज. तुळजापूरच्या मुलानं सांगितलं की त्याचे पणजोबा हाली रुपयाच्या, म्हणजे निजामाच्या नाण्याच्या, गोष्टी सांगायचे म्हणे, सोलापूरला बाजाराला यायचं तर पैसे बदलून घ्यावे लागायचे. चाळीसपंचेचाळीस किलोमीटरवर दुसरं नाणं, हे ऐकून शहरातली पोरं थक्क झाली.

तर मग निजाम सार्वभौम होता का? 27 मार्च 1926 ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं निजामाला पत्र लिहिलं, त्यात साफ कळवलं होतं की हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ आहे, त्यामुळे कुठल्याही संस्थानिकाला बरोबरीच्या नात्यानं वाटाघाटी करता येणार नाहीत. नाणं तुझं, रेल्वे तुझी, शेवटचा शब्द आमचा. 1947 च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्यानं ही ब्रिटिश अधिसत्ता संपली आणि निजामानं आता मी सार्वभौम असा दावा केला. 29 नोव्हेंबर 1947 ला भारताशी जैसे थे करार झाला, ऑगस्ट 1948 मधे हैदराबादनं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडं नेलं, आणि 13 सप्टेंबरला भारतीय फौज याच सोलापूरकडून नळदुर्गाच्या दिशेनं आत शिरली. 17 तारखेला निजाम शरण आला. ज्या रस्त्यानं आमची मुलं एसटीतनं रोज येतात, त्याच रस्त्यानं ती फौज गेली होती.

मी फळ्यावर चार रकाने केले: दावा, ताबा, मान्यता, लोकांची संमती. निजामाच्या बाबतीत दावा होता, ताबा बराचसा होता, मान्यता मिळाली नाही, आणि संमतीचं काय? इथं आवाज चढले. रझाकारांचे अत्याचार हे कुणाच्या घरात ऐकलेलं, फौज आल्यानंतरच्या दिवसांत काय काय झालं हे दुसऱ्या कुणाच्या घरात ऐकलेलं. दोन मुलं उभी राहून बोलायला लागली. मी "विषयावर या" म्हणून थांबवलं आणि सोमालियाचं उदाहरण काढलं. 1991 ला तिथलं केंद्र सरकार कोसळलं, वर्षानुवर्षं देशावर ताबा कुणाचा हेच कळत नव्हतं, तरी संयुक्त राष्ट्रांत सोमालिया हा देश राहिलाच. आणि त्याच वर्षी त्याच्या उत्तरेच्या भागानं सोमालीलँड म्हणून वेगळा कारभार सुरू केला, स्वतःचं चलन, निवडणुका, सगळं, तरी कितीतरी वर्षं जगानं त्याला देश मानलं नाही. ताबा आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याच्याहून स्वच्छ कुठं दिसणार.

मुद्दा पोचला. पण त्या दोघांपैकी एक मुलगा तासानंतर भेटला आणि म्हणाला, सर आमच्या घरात काय झालं ते मला सांगायचं होतं. मी म्हटलं पुढच्या तासाला सांग. पुढच्या तासाला त्यानं हात वर केला नाही.

तास संपायला पाच मिनिटं असताना मी मार्शल लॉवर आलो. कार्ल श्मिट नावाचा जर्मन विचारवंत, जो पुढं नाझी पक्षात गेला, त्यानं 1922 मधे असा विचार मांडला होता की नेहमीचे कायदे गुंडाळून आणीबाणी लावायचा निर्णय ज्याच्या हातात, तो सार्वभौम. मी म्हटलं बघा, 12 मेला मार्शल लॉ लावता आला, म्हणजे सार्वभौम ब्रिटिशच होते. यावर उत्तर लिहिणाऱ्या त्या मुलीनं जे विचारलं त्याचं उत्तर मला तिथं देता आलं नाही. "पण सर, टोपी घातली म्हणून शिक्षा करावी लागली, म्हणजे सवयीनं तर कुणी ऐकत नव्हतं ना? मग ऑस्टिनप्रमाणे त्या दीड महिन्यात तर कुणीच सार्वभौम नव्हतं." बेल झाली.

शेवटी काय झालं

मी तिला उत्तर परत लिहायला सांगितलं, मार्कांसाठी नाही, तिची इच्छा असेल तर. तिनं आठवड्यानं एक पान आणून दिलं. त्यात निष्कर्ष बदलला होता: त्या तीन दिवसांत सोलापुरात ब्रिटिश सार्वभौमत्व संपलं नव्हतं, त्याचा अंमल थांबला होता, आणि लोकांनी ते मनातनं मानणं त्याच्या आधीच सोडलं होतं. खाली एक ओळ वेगळी लिहिली होती, 'सार्वभौम नव्हतं म्हणजे स्वतंत्र नव्हतं असं नाही.' ही ओळ पुस्तकाच्या भाषेत कदाचित बसणार नाही, पण मला ती पटते. सार्वभौम, स्वतंत्र आणि स्वायत्त हे तीन शब्द आमची मुलं एकाच अर्थानं वापरतात, तिनं निदान दोन तरी वेगळे केले.

मूळ पेपरचे मार्क मी तीनाचे सात केले, मूळच्याच उत्तराला, कारण प्रश्न सिद्धांत उदाहरणासह स्पष्ट करायचा होता आणि ते तिनं केलं होतं. लगेच दोन मुलं आली, सर आमचंही बघा. त्यांचं बरोबर होतं. मग सगळा गठ्ठा परत तपासला, एक रविवार गेला. आणखी तिघांचे वाढले. कुणाचे कमी केले नाहीत, 'उदा. भारत' वाल्यांचेही नाही, चूक माझ्या प्रश्नाची होती.

हुतात्म्यांचा अपमान वगैरे कुणीही म्हटलं नाही. ती भीती माझ्याच डोक्यात होती. उलट 12 जानेवारीला वर्गातली काही मुलं आपणहून चार पुतळ्याला जाऊन आली.

परत करायचं झालं तर

शेरा आधी. 'उदाहरण चुकीचे' असं लिहून पेपर परत देणार नाही, व्याख्येतल्या कुठल्या शब्दाला उदाहरण अडतं तो शब्द लिहीन. या प्रकरणात 'सवय' एवढा एक शब्द समासात लिहिला असता तरी तिनं स्वतःच पुढचं शोधलं असतं.

उत्तर वर्गात वाचायची परवानगी स्टाफरूममधे मागणार नाही, आणि लगेच उत्तर घेणार नाही, दोन दिवस देईन. शिवाय एकच उत्तर वाचणार नाही, तीनचार वेगवेगळी घेईन, म्हणजे एकटं कुणी उघडं पडत नाही.

हैदराबादला तास संपवायच्या घाईत हात घालणार नाही. तिथं मी संमतीचा रकाना काढला आणि तो भरायला मुलं उभी राहिली तर त्यांना खाली बसवलं. कायदा, करार, पत्रं यांच्यावर मी अर्धा तास बोललो आणि ज्यांच्या घरातली माणसं त्या मुलखात राहिली त्यांना दोन मिनिटं दिली नाहीत. त्यासाठी वेगळा तास, आधी नियम ठरवून, एकानं बोलताना दुसऱ्यानं फक्त ऐकायचं, असं काहीतरी करायला पाहिजे होतं. त्या मुलाला मी नंतर दोनदा विचारलं, तो "असू दे सर" म्हणाला.

आणि प्रश्न. यंदाच्या चाचणीत मी तो असा घातलाय: 'ऑस्टिनच्या व्याख्येतील सवयीने आज्ञापालन ही अट मे ते जून 1930 मधील सोलापूरला लावून बघा. तुमचे मत कोणतेही असो, व्याख्येतला कुठला शब्द तुम्ही वापरला ते अधोरेखित करा.' तिचा बेल झाल्यावर राहिलेला प्रश्न तोच आहे, थोडा मास्तरी भाषेत. गठ्ठा कालच आलाय, टेबलावर आहे, अजून उघडला नाही.